तर्काचा परशू आणि बंद ताटी

माउली, सप्ताहाच्या मांडवात कुणी तत्त्वज्ञानाचा विषय काढला, की एक वाक्य हमखास ऐकू येते : "आम्हां भोळ्या लोकांना काय करायचेय ते! आमचा आपला नामाचा भाव बरा." आपणही ते कधी तरी बोलला असाल. त्यात नम्रता आहे आणि ती खरी आहे. पण पुष्कळदा तिच्या आडून एक आळसही बसलेला असतो. विचार करायचा म्हटले की आपले वागणे तपासावे लागते, आणि ते टाळायचे असले की भोळेपणा मोठा सोयीचा पडतो. ज्या संप्रदायाचा पाया अमृतानुभव लिहिणाऱ्या महापुरुषाने घातला, त्याच्या वारसांनी विचाराला बाहेरच्या ओट्यावर बसवावे, हे मला पटत नाही.

मी मेहरूणचा. बाहेरच्या माणसाला आमच्या मेहरूणची ओळख तलावाची आणि बोरांची. पुष्कळजण तर मेहरूण आणि मेहूण यांची गल्लत करतात आणि "मुक्ताई गुप्त झाली ते तुमचेच गाव ना?" म्हणून विचारतात. ते मेहूण तापीकाठचे, मुक्ताईनगर तालुक्यातले. आमचे मेहरूण जळगाव शहरात मिसळून गेलेले. पण जागा मोक्याची आहे खरी. इथून पूर्वेला तोंड केले की मुक्ताई आणि चांगदेव. पश्चिमेला सुरतेच्या रेल्वेमार्गावर अमळनेर. नैऋत्येला चाळीसगावापलीकडे डोंगराच्या कुशीत पाटण. तत्त्वज्ञान म्हणजे काय, तर्काचे त्यात काम कोणते आणि शहाणपण कुठून सुरू होते, हे समजून घ्यायला या तीन दिशा पुरे आहेत.

आधी शब्दाचे बघू. ग्रीक लोकांनी या विद्येला जे नाव दिले त्याचा अर्थ 'शहाणपणावरचे प्रेम' असा होतो. आपल्याकडे तिचे जुने नाव 'दर्शन'. सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, मीमांसा, वेदान्त ही सहा दर्शने. आपण पंढरपूरला रांगेत उभे राहतो तेही दर्शनासाठीच. एकाच शब्दाने दोन्ही कामे केली आहेत, आणि यात मला मोठी खूण दिसते. पाहणे हे दोन्हीकडे मुख्य. विटेवरचे पाहायचे तर मान वर करावी लागते. विचारातले पाहायचे तर डोळ्यांवरची धूळ पुसावी लागते, आणि हे पुसण्याचे काम तर्काचे.

ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय आठवा. माउलींनी गणेशाला वंदन केले ते निव्वळ रूढी म्हणून केलेले नाही. त्यांनी सगळे वाङ्मयच गणेशाच्या रूपात उभे केले. सहा दर्शने हे त्याचे सहा हात. दर्शनांचे एकमेकांशी पटत नाही, म्हणूनच त्या हातांत वेगवेगळी आयुधे आहेत, असे ते सांगतात. एका हातात तर्काचा परशू, दुसऱ्यात अंकुश, तिसऱ्यात वेदान्ताचा रसाळ मोदक. विवेक ही सरळ सोंड आणि संवाद हा शुभ्र दात. या रूपकावर आपण फार भरभर पुढे जातो. मतभेद असलेले सहाही हात एकाच देहाचे आहेत आणि तो देह पूजनीय आहे. मोदक हवा म्हणून परशूचा हात कुणी तोडत नाही.

आता पाटणला चला. आज पाटणादेवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तिथल्या शिलालेखाची माहिती असते. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. सिद्धान्तशिरोमणि त्यांनी छत्तिसाव्या वर्षी पुरा केला. त्यांचा नातू यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. या नातवाने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून पाटणला मठ काढला. शके ११२८ चा हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्या नातवाचे नाव काय म्हणाल? चांगदेव! योगी चांगदेवांशी याचा काही संबंध नाही, नुसता नामसारखेपणा. पण खानदेशात एक चांगदेव गणिताचा आणि एक योगाचा, ही जोडी लक्षात राहण्यासारखी आहे.

लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे आणि शेवटी थोडी मराठी येते. तिथे बाजारात येणाऱ्या मालातून मठाला काय द्यायचे ते लिहिले आहे. गावात जेवढे घाणे, तेवढ्या घाण्यांमागे पळी पळी तेल. मला हा तपशील फार आवडतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात आन्वीक्षिकीला, म्हणजे तर्काने तपासून पाहण्याच्या विद्येला, सगळ्या विद्यांचा दिवा म्हटले आहे. पाटणच्या त्या दिव्यात तेल होते ते तेल्याच्या घाण्याचे. राजाने जमीन दिली, पण वात जळत राहिली ती पळीपळीने. विद्वान आणि कष्टकरी यांचे इतके साधे नाते नंतर फार काळ टिकले नाही. त्याकडे पुढे येतो.

भास्कराचार्य तर्क कसा चालवतात त्याचा एक नमुना सांगतो. पृथ्वीला कुणीतरी आधार दिला आहे, असे लोक मानत. शेषाच्या फण्यावर ती आहे, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो. गोलाध्यायात आचार्य विचारतात : पृथ्वीला आधार लागतो, तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल, दुसऱ्याला तिसरा, आणि याला अंतच उरणार नाही. शेवटी कुठे तरी एकाला स्वतःच्या शक्तीवर उभे आहे असे म्हणावेच लागेल. मग ते शेवटी कशाला, आरंभीच पृथ्वीबद्दल का म्हणू नये? बघा, यात पुराणांची टवाळी नाही. एक समजूत घेतली, ती जिथे नेते तिथपर्यंत तिच्याबरोबर चालत गेले, आणि ती कोसळली ते दाखवून दिले.

याच पद्धतीने माउली अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात चालतात. ग्रंथातले ते सर्वांत मोठे प्रकरण, अज्ञानखंडन. वेदान्ती म्हणतात, आत्मा ज्ञानरूप आहे, पण अज्ञानाने झाकला गेला. माउली विचारतात, हे अज्ञान राहते कुठे? ज्ञानरूप आत्म्यात ते राहत असेल, तर सूर्याच्या घरी अंधाराने बिऱ्हाड केले म्हणायचे. आणि त्याने आत्म्यालाच अज्ञानी करून टाकले असेल, तर 'अज्ञान आहे' हे सांगायला जागा कोण उरला? पाटणचा मठ यादव सिंघणाच्या काळातला आणि ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, यादव रामदेवरावाच्या काळातली. म्हणजे त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी वर्षांचे अंतर. एकाने ग्रहगोलांसाठी जे हत्यार वापरले, तेच दुसऱ्याने आत्मविचारासाठी उचलले.

आणि पुढचे आठवे प्रकरण ज्ञानखंडनाचे! अज्ञानच नाही असे ठरल्यावर त्याला घालवणारे ज्ञान तरी कशाला उरते? इथे तर्काने स्वतःचाच हिशेब मिटवला. याच ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात एक ठिकाणी, ज्ञानही बांधते हे सांगताना माउलींनी शिवसूत्रांची आणि गीतेची साक्ष दिली आहे, आणि लगेच सांगून टाकले आहे की शिवाने किंवा श्रीकृष्णाने म्हटले एवढ्यासाठी आपण हे मानत नाही. त्यांनी म्हटले नसते तरी ते असेच मानावे लागले असते. ज्यांनी गीतेसाठी आयुष्य वेचले त्यांचे हे शब्द आहेत. श्रद्धेला प्रश्न चालत नाहीत असे सांगणाऱ्याने हे स्थळ एकदा काढून वाचावे.

मग तर्काने सगळे साधते का? याचे उत्तर घ्यायला तापी-पूर्णेच्या संगमावर जावे लागते. तिथले चांगदेवांचे दगडी मंदिर आपण पाहिले असेल. परंपरा सांगते की चौदाशे वर्षे योगबळाने जगलेल्या या सिद्धाने ज्ञानदेवांची कीर्ती ऐकली आणि पत्र लिहायला घेतले. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर ज्ञानाने ते मोठे. 'तीर्थस्वरूप' लिहावे, तर एवढ्याशा पोराला ते कसे लिहायचे? मायना ठरेना, म्हणून कोरा कागद धाडला. मुक्ताई तो बघून म्हणाली, एवढी वर्षे जगूनही हा कोराच राहिला. निवृत्तिनाथांनी मात्र उत्तर लिहायला सांगितले आणि चांगदेवपासष्टी झाली.

या कथेतली चौदाशे वर्षे मोजत बसायचे कारण नाही. अडखळ कुठे आली ते बघा. चांगदेवांच्या बुद्धीत काही कमी नव्हते. मोठे कोण, लहान कोण, ही एक मोजपट्टी हातातून सुटत नव्हती, आणि ती ज्या दोन गोष्टींना लावायची त्या एका मापाच्या नव्हत्या. तर्क बरोबर चालला होता, पण चुकीच्या जागी उभा राहून. अशा वेळी आणखी तर्क करून उपयोग नसतो. आपण जिथे उभे आहोत ती जागा सोडावी लागते, आणि ती सोडायला अहंकार सोडावा लागतो. चांगदेवांनी शेवटी गुरू केले ते मुक्ताईला, त्या कोवळ्या मुलीला. शहाणपण म्हणतात ते इथे दिसते. नवे काही कळले असे नाही. कळलेल्यापुढे मान वाकली.

मुक्ताईचा दुसरा प्रसंग तर थोरल्या भावाशीच घडला. लोकांच्या बोलण्याने ज्ञानदेवांचे मन दुखावले आणि त्यांनी झोपडीची ताटी लावून घेतली. ताटीचे अभंग आपल्या घराघरांत आहेत, ते मी सांगायला नको. विचार एवढाच करू की आत बसलेला कोण होता? ज्याच्याइतके विश्वाचे ऐक्य कुणी सांगितले नाही, तो. विश्व एक आहे हे त्याला ठाऊक होते, तरी त्या विश्वासाठी दार लावलेले होते. मुक्ताईने नवा सिद्धान्त मांडला नाही. तुला जे ठाऊक आहे ते आणि तुझी ही बंद ताटी, दोन्ही एकदम खरी कशी, एवढेच विचारले. माझ्या मते तत्त्वज्ञानाचा सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे, आणि तो धाकट्या बहिणीने विचारला.

आता पश्चिमेकडे वळू. १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. गिरणीमालक मोतीलाल माणेकचंद, म्हणजेच श्रीमंत प्रताप शेठ, यांनी पैसा लावला. अद्वैत वेदान्ताचा अभ्यास व्हावा, पाश्चात्त्य विचारांशी त्याची गाठ घालून द्यावी, यासाठी विद्वानांना राहण्याची सोय आणि विद्यावेतन देणारी अशी संस्था आडगावात निघावी, हे नवलच होते. पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. दोन्ही ठिकाणी विचार तोच, की परंपरा नुसती आठवून चालणार नाही, शिकली पाहिजे.

अमळनेरला मोठी माणसे आली. बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य इथे संचालक होते. त्यांचा आत्मस्वातंत्र्यावरचा गाजलेला ग्रंथ १९३० साली इथूनच प्रसिद्ध झाला. पारतंत्र्य राजकीय असते तसे विचारांचेही असते आणि ते अधिक लपलेले असते, हे त्यांचे म्हणणे आजही अभ्यासले जाते. प्रा. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून १९३३ मध्ये एक पुस्तक काढले. त्याचे नाव काय असावे? 'अज्ञान'. बोरीकाठच्या गावात बसून तीन पंडित अविद्येचा काथ्याकूट करत होते, आणि तोच प्रश्न गोदावरीच्या खोऱ्यात साडेसहाशे वर्षांपूर्वी मराठी ओवीत सोडवून ठेवलेला होता.

मला खंत वाटते ती इथे. अमळनेर हे सखाराम महाराजांचे गाव, प्रतिपंढरपूर. बोरीच्या पात्रात त्यांची समाधी. वैशाखात रथ निघतो, खानदेशभरातून वारकरी लोटतो. आणि त्याच गावात विद्वानांचे त्रैमासिक इंग्रजीत निघत होते. पात्रातल्या वाळूत कीर्तनाला बसलेल्या शेतकऱ्याला ते वाचता येणे शक्य नव्हते. दोष एकट्या पंडितांचा नाही. 'ते विद्वानांचे काम' म्हणून आपणही त्या दारावर कधी थाप मारली नाही. पाटणच्या मठाला घाण्याचे तेल जात होते. इथे दिवा आणि घाणा एकाच गावात असून ओळख नव्हती. मंदिराचे पुढे वैभव ओसरले त्याची कारणे अनेक असतील, पण ज्या विचाराला भोवतालच्या माणसांची भाषा मिळत नाही त्याची मुळे वरच राहतात.

तरी एक माणूस त्या मंदिरातून निघून थेट पंढरपुरापर्यंत गेला. पांडुरंग सदाशिव साने. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरला आले, तत्त्वज्ञान मंदिरात राहिले, आणि १९२४ मध्ये तिथल्याच खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले. छात्रालयातल्या मुलांची अंथरुणे आवरणारे, त्यांच्यासाठी हाताने दैनिक लिहून काढणारे साने गुरुजी आपल्याला माहीत आहेत. पण ते वेदान्ताचे विद्यार्थी होते, हे आपण विसरतो. १९३० मध्ये शाळा सोडून ते सत्याग्रहात गेले. आणि १९४७ च्या १ मे रोजी पंढरपूरला, तनपुरे महाराजांच्या मठात, त्यांनी उपोषण आरंभले. मागणी एकच, विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे. त्याआधी कित्येक महिने ते महाराष्ट्रभर फिरून लोकांना हेच विचारत होते. १० मे रोजी उपोषण सुटले आणि दार उघडले.

या घटनेकडे आपण दयेची गोष्ट म्हणून बघतो. गुरुजींचे हृदय मोठे होते यात शंका नाही. पण मला त्यात तर्कही दिसतो, आणि तो परशूसारखा धारदार आहे. सर्वांभूती एकच आत्मा आहे, हे तुम्ही मानता? मानतो. चोखोबा संत होते, हे मानता? मानतो. त्यांची समाधी महाद्वारापुढे आहे, तिच्यापुढे नमस्कार करून आत जाता? जातो. मग चोखोबांच्या जातीचा माणूस पायरीशीच का थांबतो? या 'मग'ला उत्तर नव्हते. सहाशे वर्षे आपण पहिली तीन वाक्ये म्हणत होतो आणि चौथ्यापाशी टाळ वाजवत होतो. तर्काचे खरे काम हे, की तो माणसाला दोन वह्या ठेवू देत नाही, एक कीर्तनाची आणि एक व्यवहाराची. आणि शहाणपणाचे काम त्यापुढचे. उत्तर नाही हे कळल्यावर दुसऱ्याला हरवायचे नाही, स्वतः उपाशी बसायचे. गुरुजींनी कुणाला वादात जिंकल्याचे कुणी सांगत नाही.

दार उघडण्याआधी विरोधकांनी मूर्तीतले देवाचे तेज काढून एका घागरीत ठेवले, अशी हकीकत पंढरपुरात अजून सांगतात. ऐकून हसू येते, पण जरा थांबू. घटाकाश आणि महदाकाश हा दृष्टान्त आपण किती कीर्तनांत ऐकला असेल? घागरीतले आकाश आणि बाहेरचे आकाश वेगळे नाही. घागर फुटली तरी आकाश फुटत नाही. हा दृष्टान्त ज्यांच्या कानांवरून पिढ्यान्‌पिढ्या गेला, त्यांच्याच गावात सर्वव्यापी देवासाठी घागर शोधली गेली. पाठ होते, पण तो कधी आपल्यावर लावून बघितला नव्हता. आणि तशा घागरी पंढरपुरातच होत्या असे नाही. आपल्या गावच्या सप्ताहात पंगत कशी बसते, वीणा कुणाच्या हाती देतात, कीर्तनाला बाई उभी राहणार म्हटल्यावर कोण कुजबुजते, हे आपण मला सांगावे असे नाही; आपल्याला ठाऊक आहेच.

आमच्याकडे यंदाच्या सप्ताहात एक बदल करायचे मनात आहे. सात दिवस अज्ञानखंडनावर प्रवचन ठेवायचे, आणि रोज प्रवचनानंतर अर्धा तास श्रोत्यांनी शंका विचारायच्या. कुणीही, पोरांनीसुद्धा. मंडळींत चर्चा झाली तेव्हा आमच्या पखवाजवाल्या बुवांना काळजी एकच, प्रश्न लांबले तर हरिपाठाला उशीर होईल. त्यांना सांगितले, हरिपाठ ठरल्या वेळीच होईल, राहिलेल्या शंका दुसऱ्या दिवशी घेऊ. त्यावर ते म्हणाले, "मग पहिली शंका माझीच लिहून ठेवा."